दोंदेकाकांचा दुसरा रकाना

दोंदेकाका पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहायचे. नावं संपून गोष्ट सुरू झाली की ते बाजूच्या दाराने आत येत, पडद्याखालच्या कोपऱ्यात उभे राहत आणि तोंड प्रेक्षकांकडे करत. ओठ हलत असत, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे. पाच-सात मिनिटांत मोजणी संपे, तरी ते लगेच जात नसत. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा आणि काका ती तोंडं पाहत राहायचे. एकोणीस वर्षं त्यांनी असेच सिनेमे पाहिले. नायक कसा दिसतो हे विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही, पण तो मेल्यावर कितव्या रांगेतली बाई रडली हे त्यांच्या लक्षात असे.

मुंबईच्या एका वितरक कंपनीचे ते नाशिकमधले प्रतिनिधी होते. किती तिकिटं विकली याचा कागद थिएटरमालक रोज कंपनीला पाठवी. तो कागद खरा आहे का, हे बघायला कंपनी आपला एक माणूस ठेवत असे. तो माणूस म्हणजे दोंदेकाका. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात छोटा टॉर्च. "तिकीट खोटं बोलतं," ते म्हणत. "डोकं नाय बोलत."

माझी त्यांची ओळख नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्हा चौघा मित्रांना अकरा मिनिटांचा भयपट करायचा होता. सरांनी परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. आधी अंदाजपत्रक, आणि असे चित्रपट प्रत्यक्षात किती कमावतात याचा लेखी अभ्यास. दुसऱ्या अटीने आमची झोप उडाली. वाचनालयात नट्यांच्या मुलाखती होत्या, कमाईचे आकडे कुठेच नव्हते. मी थिएटरमालकाकडे गेलो. "कमाई? तू इन्कम टॅक्सचा आहेस का रे?" असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. दाराशी उभ्या असलेल्या दोंदेकाकांनी ते ऐकलं. समोरच्या टपरीवर मला चहा पाजत त्यांनी विचारलं, "काय रे, भुताचा पिक्चर काढतोस? मग पैशाचं भूत आधी बघून घे."

त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, बाहेर तुळशीऐवजी कढीपत्त्याचं झाड, आत काकू ज्वारी निवडत बसलेल्या. मी मोठ्या ऐटीत अंदाजपत्रकाचा कागद काढला. पहिली ओळ होती कॅमेऱ्याचं भाडं. काकांनी तिच्या वरच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने लिहिलं : जेवण.

"पिक्चर भीतीचा आहे, काका. जेवण पहिल्यांदा कशाला?"

"उपाशी माणूस घाबरत नाय, डायरेक्टर. चिडतो. दोन दिवस अकरा माणसं उन्हात राबवणार, मग पहिली भाकरी लिही."

"आणि ती कोण करणार?" आतून काकूंनी विचारलं.

"तू."

"वा! मला विचारलंत?"

"आता विचारतोय की. नायतर पोरं वडापाववर भूत काढतील."

काकू हसल्या. जेवणासमोर दोंदे असं नाव पडलं. पुढच्या ओळीत मी दिवे आणि जनरेटर लिहिला होता. काकांनी ती ओळ खोडली. "रात्री भूत कुणालाही दिसतं. भर दुपारी दाखव. फुकटचं ऊन आहे." विंचूरजवळ त्यांच्या चुलतभावाची कांद्याची चाळ होती, म्हणजे कांदा साठवायची बांबूच्या पट्ट्यांची लांबलचक शेड. कांदा विकून ती रिकामी पडली होती. "पट्ट्यांतून ऊन येतं ना, माणसाच्या तोंडावर रेघा रेघा पडतात. तिथं माझा भाऊच मला भूत वाटतो." निम्मा खर्च त्यांनी अर्ध्या तासात उडवला. शेवटी कागदावर एक उभी रेघ मारून शेजारी दुसरा रकाना आखला. पहिल्यावर लिहिलं अंदाज, दुसऱ्यावर खरा खर्च. "अंदाज कुणाचाबी चुकतो. पण हा दुसरा रकाना रिकामा ठेवणारा माणूस एक तर आळशी असतो, नायतर लबाड."

कमाईच्या अभ्यासासाठी त्यांनी मला जे दिलं, ते त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं. ट्रंकेतून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही काढली. प्रत्येक खेळासमोर दोन आकडे होते. एक थिएटरच्या कागदावरचा, दुसरा त्यांनी मोजलेल्या डोक्यांचा. दोन्हींत थोडा फरक होता, दहा-बाराचा, आणि तो जवळपास रोजचाच होता.

"हा फरक कसला?"

"मीठ," काका म्हणाले.

डोअरकीपर काही तिकिटं न फाडता खिडकीवर परत पाठवत आणि ती पुन्हा विकली जात. ते पैसे डोअरकीपर आणि झाडूवाल्या बाया वाटून घेत. पगार इतका तुटपुंजा होता की त्या पैशांशिवाय त्यांचं घर चालत नव्हतं. काकांना हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. फरक दहा-बाराच्या आत असला तर ते कंपनीला कळवत नसत. त्याच्या वर गेला तर मात्र मालकाच्या तोंडावर सांगत. "भाजीत मीठ पडणारच. खारट झाली की बोलायचं."

"मग वहीत कशाला लिहिता? कुणाच्या हाती लागली तर?"

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "कंपनीला सांगत नाय, हे मी ठरवलं. पण मी स्वतःशी बी खोटं मोजू काय?"

वही त्यांनी मला दोन दिवसांसाठी दिली. भयपटांचे तेवढे आकडे उतरवायचे. त्या वहीतून मला कळलं की भुताचा सिनेमा शहरात आठवडाभरात बसतो, पण पिंपळगाव, वणीसारख्या गावांत, जिथे काका अधूनमधून मोजायला जात, बाजाराच्या दिवशी हमखास चालतो. लोक तिकिटावरचे नंबर सोडून एकमेकांना चिकटून बसतात, असंही त्यांनी समासात लिहिलं होतं. मी भयपटांचं सगळं उतरवलं. दोन्ही रकाने उतरवले. मला वाटलं, असा अभ्यास अख्ख्या नाशकात कुणी केला नसेल.

सगळी काटछाट करूनही आठ हजार कमी पडत होते. त्याच सुमारास काकांच्या कंपनीचे मुंबईचे साहेब नव्या चित्रपटासाठी नाशकात उतरले. काकांनीच मला सांगितलं, "भेट त्यांना. हौशी माणूस आहे, देईल काही. आकडे सांग, पण वही सांगू नको."

मी हॉटेलवर गेलो. साहेबांनी माझी फाईल चाळली आणि दोन रकान्यांच्या पानावर थांबले. बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून गोड आवाजात म्हणाले, "मेहनत आहे हं. हा दुसरा आकडा कुठून आणलास?"

"असाच... चौकशी करून."

"चौकशी कुणाकडे? आकडे काय हवेतून येतात? नाव असेल तर हा अभ्यास, नाहीतर गप्पा. आणि गप्पांना मी पैसे देत नाही." त्यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "घाबरू नकोस. इतकं काटेकोर काम करणाऱ्या माणसाला आम्ही शाबासकीच देऊ."

मी आजवर स्वतःला सांगत आलो की त्या माणसाने मला फसवलं. त्याने फसवलं हे खरंच आहे. पण त्या क्षणी शाबासकीवर माझा विश्वास बसला नव्हता, हेही खरं आहे. तो बसला असं मी ठरवलं, कारण टेबलावर पाकीट होतं. मी आडनाव सांगितलं. दोन अक्षरांचं आडनाव. फाईल साहेबांनी ठेवून घेतली आणि मी आठ हजार रुपये घेऊन जिना उतरलो.

आठवड्याच्या आत काकांना काढून टाकलं. एकोणीस वर्षं चोरी लपवली, असं कारण दिलं. तीन डोअरकीपरही गेले. त्यांतला हनीफ रोज काकांसाठी कपात चहा झाकून ठेवायचा. त्या तिघांना वाटलं, काकांनीच वही दाखवून त्यांना पकडून दिलं. कंपनीच्या लेखी काका चोर ठरले आणि ज्यांच्यासाठी ते गप्प राहिले, त्यांच्या लेखी चुगलखोर. हनीफ रस्त्यात दिसला की थुंकून तोंड फिरवायचा. हे सगळं मला टपरीवाल्याने सांगितलं. काकांच्या घरी जायची माझी हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी शूटिंग होतं. जेवण येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो, मित्रांना तसं सांगितलंही होतं. का, ते सांगितलं नव्हतं. साडेबाराला चाळीत ऊन रेघारेघांनी उतरलं होतं, भूत झालेला प्रशांत तोंडाला पीठ फासून घाम पुसत होता, आणि बांधावरून दोन माणसं चालत येताना दिसली. पुढे काका, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली. मागे काकू, हातात पिठल्याचा डबा.

काकांनी सगळ्यांना ओळीने बसवलं. "ये भुता, आधी तोंड धू, नायतर भाकरी तुला घाबरंल," ते प्रशांतला म्हणाले. सगळे हसले. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज तसाच शांत होता.

"साहेबांनी तुमची फाईल दाखवली मला," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

त्यांनी मला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.

"काका, मी..."

"जेवून घ्या आधी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशीही दोघं आले, वाढून, भांडी घासून निघून गेले. जाताना मी खर्च विचारला. काका म्हणाले, "शब्द दिला होता. त्याचा हिशोब नसतो." आमच्या सिनेमाला कॉलेजात दुसरं बक्षीस मिळालं. हॉलमध्ये मुली किंचाळल्या. मी पडद्याकडे पाहू शकलो नाही. पडद्याखालच्या कोपऱ्यात कुणी उभं नव्हतं.

मी पुन्हा सिनेमा केला नाही. एका सहकारी बँकेत लागलो. सात-आठ वर्षांनी, द्राक्षांच्या हंगामात, कर्जाच्या तारणाचा माल तपासायला पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजवर गेलो. गेटशी टेबल, टेबलावर रजिस्टर आणि त्यामागे दोंदेकाका. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या साहेब. मोजून घ्या."

मी क्रेट मोजले. एकाचाही फरक नव्हता. तसं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "आता पडत नाय फरक."

तेवढ्यात घड निवडणाऱ्या बायांची सुट्टी झाली. त्या ओळीने गेटपाशी आल्या आणि प्रत्येकीने आपला जेवणाचा डबा उघडून काकांपुढे धरला. एका तरुण बाईच्या डब्यात मूठभर द्राक्षं होती. काकांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहू लागले.

"काका, पोरीला ताप आहे हो. चार मणी तर आहेत."

"पुढं चला, बाई."

"लय कडक आहेस, म्हाताऱ्या," मागची एक पुटपुटली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाया गेल्यावर मी हळूच विचारलं, "काका, ती वही अजून लिहिता?"

"कसली वही?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मालकाची ही एकच आहे. दुसरी ठेवत नाय मी."

ती द्राक्षं टेबलावर तशीच होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते गेटकडे पाहत होते, बाया गेल्या त्या रस्त्याकडे. माफी मागायला मी इतकी वर्षं जी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही मला तिथे बोलता आलं नाही. मी ज्या माणसाची माफी मागणार होतो, तो माझ्यासमोर नव्हताच.

पुढच्या वर्षी ते गेले. मला महिन्याने कळलं. मी घरी गेलो, काकूंच्या पुढ्यात बसलो आणि त्या दोन दिवसांच्या जेवणाचा खर्च विचारला. इतक्या वर्षांनी हे विचारणं किती वेडेपणाचं आहे हे मला कळत होतं. काकू मात्र हसल्या नाहीत. "ते सांगायचे नाहीत. मीही नाही सांगणार," त्या म्हणाल्या. लाल वहीचं विचारलं तेव्हा त्यांनी मोरीतल्या बंबाकडे बोट दाखवलं. नोकरी गेली त्याच दिवशी काकांनी ती पानापानाने त्यात घातली होती.

अंदाजपत्रकाचा तो कागद माझ्याकडे आहे. घड्यांवर विरलाय. कॅमेऱ्याचं भाडं, कॅसेट, एसटीचं भाडं, पीठ, लाल रंग, सगळ्यांपुढे दोन्ही रकान्यांत माझ्या चांगल्या अक्षरात आकडे आहेत. पहिली ओळ काकांच्या हातची आहे : जेवण. तिच्यासमोरचा दुसरा रकाना रिकामा आहे.