नोटीस न मिळालेले गुरुजी

कारखान्याचा पाया खोदणं चालू होतं, तेव्हा मजुरांच्या कॅम्प-एकमधली आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. दोन खोल्या, मध्ये पत्र्याचाच आडोसा. विदर्भातून कामाला आलेल्यांच्या पोरांना मी मराठीतून शिकवायची. मॅट्रिक होते, पण ट्रेनिंग नव्हतं. घरी मी अन् माय, आणि चूल पेटायची ती माझ्याच नोकरीवर.

पहिल्याच दिवशी पलीकडून आवाज आला, "बे चोक?" मग शांतता. मग, "बरोबर." पुन्हा, "बे पंचे?" शांतता. "बरोबर."

मी डोकावले. एक म्हातारे गुरुजी, धोतर पांढरंशुभ्र, समोर सगळी बाकं रिकामी! अन् त्या रिकाम्या बाकांकडे बघून ते मान डोलवत होते. माय गं, अंगावर काटाच आला. वळून पाहिलं तर माझ्या वर्गातल्या पोरांचे ओठ हलत होते. आवाज मात्र नाही.

"पलीकडे कोण आहेत जी?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. मी तशीच उभी राहिले, तेव्हा हळूच बोलले, "आता ट्रेन्ड मास्तरच पाहिजे, असा नियम आला. पण बिनट्रेनिंगच्याले काढाचं तर नोटीस द्या लागते, त्याचं ऐकून घ्या लागते. ऐकलं का ट्रेनिंगले मुदत द्या लागते. कोण करते एवढं? त्यांची पोरं तुमच्या वर्गात बसवली, झालं. आपण पाहाचंच नाही तिकडे. येणं आपोआप बंद होईन." मग जाता जाता म्हणाले, "अन् बाई, ट्रेनिंग तुमचंबी नाही."

पण गुरुजी काही येणं बंद करेनात. चरोदा गावाहून रोज पायी यायचे. चपराशी त्यांच्या पायाभोवतीनं झाडू मारायचा, खांबाभोवती मारावा तसा. पोरं पळता पळता त्यांना वळसा घालायची, पण वर बघायची नाहीत. मला त्या म्हाताऱ्याची नाही, त्या पोरांची भीती वाटायला लागली. इतकी लहान लेकरं, अन् काय सफाईनं शिकली हो!

एकदा भर दुपारी गुरुजी माठापाशी आले. त्यांनी हात पुढे केला, अन् चपराशानं ओगराळं उचलून खुंटीला टांगलं. माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच, तापला की तापला.

"नमस्ते गुरुजी!" मी साऱ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले. "घ्या, पाणी घ्या." ओगराळं काढून मीच त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. गुरुजी पाणी प्यायचं सोडून माझ्या तोंडाकडेच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. रोज मी दारात दिसले की पोरं खडखडून उभी राहायची, "नमस्ते बाई!" म्हणायची. त्या दिवशी एकही उठलं नाही.

"काय रे, झोपून राहिले काय?"

कोणी हललं नाही. खुर्ची जागेवर नव्हती. पहिल्या बाकावरची पोरगी, जिच्या वेण्या मी रोज घालून द्यायची, ती माझ्या पोटातून आरपार मागच्या फळ्याकडे पाहत होती. मी तिचा खांदा हलवला. तिनं चिलट बसावं तसा खांदा झटकला. मायला काय सांगू, एवढंच मनात येत होतं.

पलीकडच्या खोलीत गेले. गुरुजी उठून उभे राहिले.

"तुमाले नोटीस देल्ली?"

"नाही."

"कोणी काही विचारलं?"

"नाही जी."

"मंग आपण आहोच, बाई." त्यांनी खडू मोडून अर्धा मला दिला, अन् खुर्ची सोडून बाजूला झाले.

मी फळ्यापाशी गेले. मोठ्यानं विचारलं, "बे सक?"

आडोशापलीकडे माझीच पोरं बसलेली होती. हूं नाही की चूं नाही. ओठ हलत असतील, तेवढा वेळ मी थांबले. मग माझ्याच तोंडून निघालं, "बरोबर."