थोरल्या जावयाचं नको

देऊळघाटच्या भागवतला साडूचं चांगलं झालेलं बघवत नसे. एरवी माणूस सरळ. भाजीचा मळा राखायचा, पहाटे वांगी-कोथिंबीर बुलढाण्याच्या बाजारात पोचवायची, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण साखरखेर्ड्याच्या शेखरचं नाव निघालं की त्याच्या तोंडातला घास कडू होई. शेखर त्याच्या मेव्हणीचा, पूनमचा नवरा. मेहकरच्या महादेवरावांचा धाकटा जावई. थोरला हा. शेखरने चारचाकी घेतली तेव्हा भागवतला तिचा रंग पटला नाही. शेखरने घरावर स्लॅब टाकला तेव्हा तो गळणार अशी याची खात्री होती, आणि पावसाळा सरला तरी गळला नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

यंदा हिवाळ्यात तर शेखर विमानातून उडी मारून आला. शेजारच्या राज्यात एका धावपट्टीवर ती सोय होती. पाठीशी प्रशिक्षक पट्ट्यांनी जोडलेला, पॅराशूट त्याच्या पाठीवर, आपण फक्त त्याला लटकायचं. महादेवरावांनी त्या उडीचा फोटो मोठा करून बैठकीत लावला, आणि तिथला भागवत-छायाचा लग्नातला फोटो धान्याच्या खोलीत गेला. परतीच्या एसटीत भागवत बायकोला म्हणाला, "मीबी मारतो उडी. काऊन, त्याले काय पंख हायेत?"

"तुमाले तं गच्चीवर चढलं तरी चक्कर येते," छाया म्हणाली.

"तुले इचारलं का मी?"

महिन्याभरात दोघं त्या धावपट्टीवर हजर झाले. छायाला फोटो काढायला आणलं होतं. अविनाश नावाचा पुण्याकडचा प्रशिक्षक होता. त्याने भागवतचं वजन केलं, रक्तदाब पाहिला, हृदयाचं काही दुखणं, पाठीचं काही ऑपरेशन, सगळं विचारलं. हात छातीशी कसे धरायचे, उतरताना पाय कसे वर घ्यायचे, ते करून दाखवलं आणि करून घेतलं. मग म्हणाला, "कागदावर सही केलीत म्हणून उडी मारलीच पाहिजे असं नाही. दारापाशी मी पुन्हा विचारीन. तिथे नको म्हणालात तर विमानातूनच परत यायचं. मी आग्रह करणार नाही."

भागवतने मान डोलावली. त्याचं लक्ष मेहकरच्या भिंतीवर होतं. शेखरच्या फोटोच्या वर खिळा बसेल की आढं आडवं येईल, याचा तो विचार करत होता.

विमान वर गेलं, दार उघडलं, वारा आत घुसला. अविनाशने कानाशी तोंड नेऊन विचारलं, "जायचं?"

आता आपल्याकडे जावयाने एका विचारण्यात हो म्हणायचं नसतं. ताटावर हात आडवा धरायचा, नको नको म्हणायचं, सासूने तो हात सारून वाढायचं. पहिल्यांदाच हो म्हणेल तो हावरट. या कामात भागवतचा हात धरणारा अख्ख्या मेहकरात कोणी नव्हता. शेखर मेला बेशरम, खुशाल "वाढा" म्हणायचा. तर भागवतला जायचं होतं, नक्की जायचं होतं, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "नको, राहू द्या." छातीवरचा हातही आपोआप आडवा झाला. आणि तो पुढच्या विचारण्याची वाट पाहू लागला.

अविनाशने त्याचा खांदा थोपटला, त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"अहो, मले जायचंच होतं," जमिनीवर पाय टेकल्यावर भागवत काकुळतीला आला. "ते तं मी असंच म्हनलं."

"असेल. पण नको म्हणणाऱ्याला मी नेत नाही. आज तरी नाहीच."

तेव्हा छाया म्हणाली, "मंग मी जाऊ का?"

अविनाशने तिला बाजूला नेलं. भागवत मागोमाग निघाला तर त्याला हाताने थांबवलं. कान देऊन त्याने ऐकलं ते एवढंच: कोणी भरीला तर घातलं नाही ना? आणि छायाचं उत्तर, "त्याईचं तोंड पाहा ना, भाऊ. कोन भरीला घालते?" मग तिचं वजन, तिचा रक्तदाब, सगळं पहिल्यापासून. भागवत मोबाइल धरून उभा राहिला.

ती पॅराशूटने खाली उतरली आणि मातीत बसून हसतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. शेखरवर जळायची त्याला सवय होती. बायकोवर जळायची नव्हती, आणि ते फारच झोंबलं.

एसटीत ती म्हणाली, "उडीचं जाऊ द्या. त्या मानसानं मले किती खेप इचारलं. जायचं का, नक्की का, आताबी नाही म्हनलं तं चालते. लगनातबी कोनी इचारलं नव्हतं मले." आता भागवतला त्या पुण्याच्या पोराचाही हेवा वाटत होता.

उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तेव्हा जावयांना जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे वाढतात. मेहकरच्या बैठकीत शेखरच्या फोटोच्या वर छायाच्या उडीचा फोटो होता. शेखर उडीबद्दल तिलाच खोदून खोदून विचारत होता. सासू सोजराबाई धोंडे घेऊन आल्या. "वाढा," शेखर म्हणाला. भागवत सकाळपासून पोट राखून होता. त्याने हात आडवा धरला, "नको." सासूबाई हात सारायला वाकल्या.

छायाने आईचं मनगट धरलं. "राहू दे, आई. नाही म्हनले ना ते."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तेच अवघड होतं. सोजराबाई ताट घेऊन शेखरकडे वळल्या. मग छायाने नवऱ्याकडे पाहिलं. "पायजे का तुमाले?" तिने विचारलं, एकदाच, आणि थांबली.

सगळी पंगत थांबली. भागवतने ताटावरचा हात काढला.

"हाव," तो म्हणाला. "वाढा."

शेखर गालात हसला, ते भागवतला दिसलं. पण धोंडा गरम होता, आणि त्याने तो मागून घेतला होता.