फॉर्म मोडणारे चाचा

वेबसाइट बनवून चाचांसमोर ठेवली, की ते आधी ती मोडून दाखवत. कौतुक-बिवतुक नंतर. फॉर्म रिकामाच पाठवायचे, मोबाइल नंबराच्या जागी गावाचं नाव टाकायचे, एकच बटण चारदा दाबायचे. आणि पान कोलमडलं की असे खूश व्हायचे, की माझा जीव जळायचा. वीस वर्षं चादरींची नक्षी ग्राफ पेपरवर काढलेला हा माणूस स्वतःच कोड शिकला आणि भवानी पेठेत क्लास काढून बसला.

इंटरनेटवरून कोडचे तयार तुकडे उचलायला त्यांची ना नसे. अट एकच. तुकड्याच्या वर, तो काय करतो ते मराठीत एका ओळीत लिहायचं. ओळ लिहिता आली नाही, तर तुकडा पुसायचा. मला हा निव्वळ छळ वाटे.

माझं पहिलं काम त्यांच्याच ओळखीनं मिळालं. पेठेतल्या महिला मंडळाच्या मोफत शिवणवर्गाची नोंदणी. मुदत शनिवार संध्याकाळपर्यंत. चाचा लग्नासाठी दुधनीला गेलेले. मी नाव तपासणारा एक तुकडा चिकटवला, वरच्या ओळीला फाटा दिला आणि फॉर्म सुरू करून मोकळी झाले.

शनिवारी दुपारी चाचा परतले, तर नोंदणी जेमतेम सात. मंडळातल्या बाईंनी सांगितलं, बऱ्याच जणी भरून बघतात आणि सोडून देतात. चाचा मला घेऊन त्यांतल्याच एकीच्या, यल्लव्वा मावशींच्या दारात गेले. मावशी विड्या वळत बसल्या होत्या.

"माजं नावच चुकीचं हाय म्हणं," त्या हसून म्हणाल्या. "तीनदा टाकलं. जाऊ दे की, आपल्याला न्हाय जमायचं."

तो तुकडा फक्त इंग्रजी अक्षरं घेत होता. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक बाईला, 'नाव चुकीचे आहे', हे मी सांगत होते. चाचांना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं, तरी ते खरंच होतं.

"नाव कसं चुकीचं आसंल, मावशी?" ते म्हणाले. "फॉर्म आमचा चुकलाय."

आमचा! तिथंच उंबऱ्यावर लॅपटॉप उघडून मी तो तुकडा काढला. मग मावशींनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, नाव लिहिलं. 'नोंदणी झाली', असं आल्यावर त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. संध्याकाळपर्यंत आम्ही घरोघर फिरलो आणि राहिलेल्या सगळ्या बायकांची नावं घेतली. चाचा मला एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं मला दिवसभर वाटत होतं.

आता क्लास बंद करून ते होटगीला लेकीकडे सुखात आहेत. मी गाव सोडून पुण्यात नोकरी करते. कुणीही नवा फॉर्म बनवला, की त्यात मी पहिलं नाव मराठीत टाकते, यल्लव्वा. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, ही माझी कुणीतरी मावशी असणार. मी नाही म्हणत नाही.