खालीवरची टाळी

मी एकदा एका गाणाऱ्या बाईचे समोरचे दोन दात पाडले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि तिनंही नाही.

ती सेनेगलची. माझ्यासारखीच या परक्या शहरात आलेली, क्लेमेंटी भागात एक खोली भाड्याने घेऊन राहायची. तिच्याकडे बाजरी कांडताना बायका जी गाणी म्हणतात, ती तिला तबल्याबरोबर बसवायची होती. दिवसा मी एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायचो आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यासाठी तबला वाजवायचो. गाताना ती समोर खरंखुरं उखळ ठेवायची. कांडता कांडता लाकडी मुसळ वर फेकायचं, ते हवेत असताना एक टाळी वाजवायची आणि मग झेलायचं, ही तिच्या गावच्या बायकांची रीत.

भांडण त्या टाळीवरून होतं. तीनतालाची नववी मात्रा म्हणजे खाली. तिथे आपण टाळी देत नाही, हात नुसता बाजूला सोडतो. तिची टाळी नेमकी तिथेच पडायची. लहानपणी माझी खाली चुकली की गुरुजी तबल्याच्या हातोडीने बोटांवर मारायचे. एक नख अजून वाकडं आहे. ती टाळी ऐकली की त्या नखात ठणका उठायचा.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. तोआ पायोह भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये सकाळी आम्ही दोघंच होतो. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण इथल्या मराठी मंडळातल्या मुलांचं ऐकून ती मला काका म्हणायची.

"काका, मुसळ परत यायला लागायचा तेवढा वेळ लागतो," ती म्हणाली. "ते तुमच्या गुरुजींना विचारून येत नाही."

गुरुजींचं नाव काढल्यावर माझं डोकंच फिरलं. तिने पुन्हा सुरुवात केली, मुसळ वर फेकलं, मान वर करून ती त्याच्याकडे बघत होती. मी झडप घालून तिची दोन्ही मनगटं आवळली. टाळी झाली नाही. मुसळ सरळ तिच्या तोंडावर आलं.

रक्त तिच्या हनुवटीवरून डग्ग्याच्या कातड्यावर गळलं. तिने माझ्या कानाखाली अशी मूठ हाणली की मी तबल्यावर कोसळलो. उठलो तेव्हा माझीही मूठ वळलेली होती. ती मूठ आठवली की मला आजही स्वतःची किळस येते.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी तिला विचारलं, कोणी मारलं का? माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा मंजुरीला अडकला होता. पोलीस केस झाली असती तर नोकरीचा पासही गेला असता. मी तिच्या तोंडाचा नाही, त्या पासचा विचार करत होतो. तोंडातला बोळा काढून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मुसळ निसटलं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला लागलो, तर तिने हाताने थांबवलं. "कार्यक्रमाला तुम्हीच बसायचं. आणि टाळी तिथेच पडणार."

मी बसलो. सुजलेल्या ओठांनी ती गायली, दातांच्या फटीतून मधेच शीळ वाजायची. नववी मात्रा आली, मुसळ वर गेलं, आणि माझे दोन्ही हात तबला सोडून आपोआप माझ्याच तोंडावर गेले. तबला बंद पडला. त्या शांततेत तिची एकटीची टाळी वाजली, आणि सगळा हॉल उभा राहिला.

त्यानंतर तिने मला कधी बोलावलं नाही. तिचं नाव झालं, देशोदेशी कार्यक्रम झाले. तबलजी बदलत गेले, पण त्या मात्रेला प्रत्येकाला हात उचलायला लावते ती. ही तिचीच कल्पना, असं लोक मानतात.

गेल्या वर्षी ती इथे गायली तेव्हा मी मुलीला घेऊन मागच्या रांगेत बसलो होतो. दात तिने बसवून घेतलेत. मुसळ वर गेलं, तबला थांबला, टाळी वाजली.

"बाबा, तो सायलेंट पार्ट सो नाइस, लाह," मुलगी इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली. "हाऊ दे थिंक ऑफ इट?"

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.