दांड्याला न बसणारं पातं

“पत्र्याची पट्टी मारी द्या मिस्त्री, चालशे!” शेठ म्हणाले आणि स्टेशनाकडे बोट दाखवून हसले. “पछी तमारी रजा.”

खांडबाऱ्याच्या करवत गिरणीत मी मिस्त्री होतो. ब्रिटिश अमलातली गोष्ट. ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर गोल करवत फिरायची, सागाचे ओंडके चिरायची. शेठनी सुरतेहून थोरलं पातं आणलं होतं, दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचं. त्याचं मधलं भोक आमच्या शाफ्टपेक्षा, म्हणजे फिरत्या दांड्यापेक्षा मोठं. शिवाय ते लावायचं तर वरची जाळी काढायला हवी. जाळी कशाला असते? पातं निसटलं, तर माणसाच्या आधी तिच्यावर आदळावं म्हणून.

माझा जीव मात्र सारंगखेड्यात होता. सरू, माझी बायको, माहेरी गेली होती. तिथल्या दत्तजयंतीच्या जत्रेतले घोडे शेवटच्या दिवशी मिळून बघायचे, असं ठरलेलं. दुपारच्या गाडीने दोंडाईचा, पुढे बैलगाडी. सकाळपासून तिच्या बांगड्या कानात वाजत होत्या. काय सांगू, हातात पाना अन् डोळ्यांपुढे तापीचा काठ!

जाळी काढली, दांड्यावर पत्र्याची पट्टी गुंडाळली, पातं बसवलं, नट आवळला. ओंडका पुढे ढकलणारा डोंगऱ्या म्हणाला, “तुमी जा ना मिस्तरी. वहिनी वाट दखी ऱ्हायनी व्हई. मी दखी लेस.”

आणि तो आपल्या जागेवर उभा राहिला. पात्याच्या बरोब्बर समोर.

मी नट पुन्हा सैल केला.

“शेठ, हे नाही चालायचं.”

“अरे, चालशे कह्युं ने!”

“मग आधी रिकामं फिरवू. सगळे ओंडक्यांच्या थप्पीमागे. इंजिनाचा पट्टा मी लांबून काठीने चढवतो.”

शेठ चिडले, पण माझी कटकट मिटावी म्हणून हो म्हणाले. नट परत आवळला. लांब काठी शोधण्यात, माणसं हटवण्यात वेळ गेला. मी पट्टा चढवत होतो तेव्हाच गाडीची शिट्टी झाली. हातातली काठी टाकून पळावंसं वाटलं.

पातं आधी गुणगुणलं, मग किंचाळलं. पत्र्याची पट्टी सुटून उडाली, पाठोपाठ नट. पातं थरथरलं, दांड्यावरून निसटलं आणि डोंगऱ्याच्या जागेमागच्या पत्र्याच्या भिंतीत घुसलं. बरोब्बर त्याच्या छातीच्या उंचीवर.

डोंगऱ्या थप्पीमागून आला आणि भिंतीतल्या पात्यापाशी जाऊन उभा राहिला. शेठचं तोंड पांढरंफटक. “पट्टा उतारो,” एवढंच म्हणाले.

आम्ही जुनं पातं आणि जाळी परत बसवली, मगच मी निघालो. दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याला पोचलो तर जत्रा उठत होती. राहुट्या उतरलेल्या, घोड्यांच्या जागी नुसती लीद. सरू वाटेवरच उभी होती.

“गाडी चुकनी का?”

मी सगळं सांगितलं. तिने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, “मंग चुकनी ते बरं व्हयनं.”

“पुढच्या वर्षी नक्की,” मी म्हणालो. पुढच्या वर्षी सरू नव्हती. तापाने गेली. घोडे मी अजून बघितले नाहीत. मार्गशीर्ष लागला की तीच वाट, तीच सरू दिसते आणि करमत नाही.

धंद्यातला धडा एवढाच: दांड्याला न बसणारं पातं लावायचं नाही, जाळी काढायची नाही. गाडी चुकली तर दुसरी मिळते, असं मी नव्या मिस्त्रींना सांगतो. खरं नाही ते. पण सांगतो.