दवाखान्यासमोरचा फुटपाथ

अण्णांची औषधांची पिशवी उघडली, की आधी येतो बामचा वास, त्यामागून वेखंडाचा, आणि मग गोळ्यांच्या पाकिटांची ती चंदेरी सळसळ! साडीच्या दुकानातली जुनी कापडी पिशवी ती. पण माणसाच्या उतारवयाचं अवघं संचित तिच्यात मावतं. परवा ती सळसळ ऐकली, मला हसू आलं, आणि हसता हसता लाजही वाटली. का, ते तुम्हाला सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. डोंबिवलीत एकटेच राहतात. वागळे इस्टेटच्या कारखान्यात उभा जन्म घालवलेला हा माणूस यंत्राला भ्यायला नाही, साहेबाला भ्यायला नाही; भितो तो फक्त कुणाचं मन दुखवायला. आमचे फॅमिली डॉक्टर तर घरचेच. माझ्या गोवरापासून आईच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलेलं. मी राहते ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. तिथल्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे अण्णांना घेऊन गेले आणि वर बजावलं, की आपल्या डॉक्टरांना इतक्यात सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल. काय ते माझं शहाणपण!

तज्ज्ञ भला माणूस. त्यांनी रक्तदाबाची नवी गोळी लिहून दिली आणि फॅमिली डॉक्टरांसाठी बंद पाकिटात एक चिठ्ठी दिली. ही त्यांना द्या, पुढचं ते बघतील, म्हणाले. आता चिठ्ठी द्यायची म्हणजे ठाण्याला गेल्याची कबुलीच की! अण्णांनी ती पिशवीच्या तळाशी घातली. त्या दिवसापासून आमच्या डॉक्टरांचा दवाखाना जवळ आला की ते रस्ता ओलांडत आणि समोरच्या फुटपाथवरून, शाळा बुडवलेल्या पोरासारखे, मान खाली घालून जात.

आणि गोळ्या? जुनीचं काय करायचं ते चिठ्ठीत, आणि चिठ्ठी पिशवीत! मग नवी गोळी अण्णा घेत तज्ज्ञांच्या धाकाने, आणि जुनी घेत डॉक्टरांवरच्या निष्ठेने. निष्ठा हा केवढा उदात्त गुण! पण रक्तदाबाला त्याचं काय कौतुक? तो आपला उतरत राहिला. उठता-बसता अण्णांच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि एका सकाळी ते स्वयंपाकघरात कोसळले. ओट्याची कड थोडक्यात चुकली. शेजारच्या काकूंचा फोन आला तशी मी मिळेल ती लोकल पकडली. आई गेल्यावर मला दुसरं आहे कोण?

काकूंनी त्यांना आमच्या डॉक्टरांकडेच नेलेलं. मी अण्णांच्या घरून पिशवी उचलून धावतपळत तिथे पोचले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठी घातली आणि आणखी कुणाचं औषध चालू आहे का, असं विचारलं. अण्णांनी छताकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बाप तशी लेक! शेवटी मलाच राहवेना. मी पिशवी टेबलावर पालथी केली. पाकिटं सळसळत पसरली आणि सर्वांत शेवटी पडली ती चिठ्ठी, बामने तेलकट झालेली, न फोडलेली. आत दोनच ओळी होत्या: जुनी गोळी बंद करून नवी सुरू केली आहे; आठवड्याने रक्तदाब पाहून कळवावे. एवढ्या दोन ओळींना डोंबिवली स्टेशन ते दवाखाना हे अंतर कापायला दोन महिने लागले.

डॉक्टरांनी लगेच ठाण्याला फोन लावला. दोघे डॉक्टर एका वर्गात शिकल्यासारखे बोलत होते. कुणी कुणावर रुसलं नाही. मग जुन्या गोळीचं पाकीट त्यांनी आपल्या खणात टाकलं. अण्णा पुटपुटले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"वाटलं ना," डॉक्टर म्हणाले. "ठाण्याला गेलात त्याचं नाही. दोन महिने समोरून जात होता, त्याचं. माझी खिडकी रस्त्यावरच आहे, अण्णा."

कुणाचं मन जपायचं म्हणून आपण त्यालाच टाळतो, याला काय म्हणावं?

परवा डॉक्टरांचं उत्तर घेऊन आम्ही ठाण्याला निघालो. ते पाकीट अण्णांनी पिशवीत घालू दिलं नाही. बामचा वास लागेल म्हणाले, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. दवाखान्याकडचा फुटपाथ कुणीतरी खणून ठेवलेला. मी म्हटलं, पलीकडून जाऊ या. अण्णा ऐकतील तर ना! अंधारी आता येत नव्हती, तरी माझा हात घट्ट धरून, मातीच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत ते याच बाजूने चालत राहिले. माझ्या खांद्यावर पिशवी सळसळत होती. खिडकीपाशी आल्यावर अण्णा थांबले, मान वर केली आणि डॉक्टरांचं लक्ष जाईपर्यंत हात हलवत उभे राहिले.