वरच्या टाकीवरची माणसं

१२ जानेवारी, दुपारी बारा. पालिकेच्या खिडकीवर हरकतीच्या अर्जाचे पंचवीस रुपये भरायचे होते. चावीकाकांच्या खिशात वीसच निघाले. वरचे पाच हेडक्लार्कने स्वतःच्या पाकिटातून टाकले आणि विचारलं, "काका, मे महिन्यात रिटायर होताय. आता कसली हरकत?"

"माणसं कमी मोजलीत तुम्ही!"

आवाज एवढा चढला की बाकावर पेंगणारा शिपाई दचकून उठला.

काका पालिकेचे चावीवाले. टी आकाराची लोखंडी चावी खांद्यावर टाकून एकतीस वर्षं ते पहाटे टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवत आले होते. पालिका म्हणजे तीन डोंगर, अकरा वस्त्या, बासष्ट चौरस किलोमीटर. समोरच्या वस्तीतली बाई कपडे वाळत घालताना दिसते, पण तिच्या दारात जायचं तर दरी उतरून पुन्हा चढावं लागतं, पाऊण तास मोडतो. नकाशात हे अंतर अर्धा इंच आहे. काकांच्या पोटऱ्यांना खरं अंतर ठाऊक होतं.

सकाळी फळ्यावर मोजणीचा कच्चा आकडा लागला होता : २,९८८. तीन हजार भरले असते तर कायमचा डॉक्टर मिळणार होता. बारा माणसं कमी! हरकतीची मुदत उद्या पाचपर्यंत. काकांच्या सुनेला पाचवा महिना होता आणि दवाखाना खाली, एक्केचाळीस वळणांपलीकडे. गेल्या वर्षी एक बाई सव्विसाव्या वळणावरच बाळंत झाली. त्याला आता सगळे बाळाचं वळण म्हणतात.

"वरच्या वस्तीत किती लिहिलीत?" काकांनी विचारलं.

"चौतीस. सहा घरं कुलूपबंद."

"कुलपं पाणी पितात का साहेब? वर्ष झालं, वरची टाकी लवकर रिकामी होते. गळती नाही, पाइपाला कान लावून पाहिलंय. त्या घरांत दगडखाणीवरची माणसं राहतात. सकाळी सहाच्या ट्रकने उतरतात, अंधार पडल्यावर येतात. तुमच्या मोजणीच्या बाई गेल्या सकाळी दहा वाजता!"

हेडक्लार्कचं पेन थांबलं. "टाकी लवकर संपते, तर सगळ्यांना पुरतं कसं?"

त्या सहा घरांचे नळ बिननोंदीचे होते. लहान पोरं बघून काकाच वर्षभर दहा मिनिटं पाणी जास्त सोडत होते. पेन्शन चार महिन्यांवर आलेली. 'लोक सांगतात' म्हटलं असतं तर निभावलं असतं, पण ऐकीव गोष्टीवर बाईंना पुन्हा वर कोण पाठवणार?

"मी दहा मिनिटं जादा सोडतो. वहीत नोंद नाही."

"लिहून द्याल?"

"अर्जावर जागा आहे, की पाठीमागे लिहू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला काका पुढे आणि मोजणीच्या बाई मागे. बाई शाळेत शिकवायच्या, धापा टाकत म्हणाल्या, "काका, हा चढ संपतो का कधी?"

"दहाला आला होतात तेव्हाही एवढाच होता बाई. चला, चला!"

पहिल्या दारात एक तरुण बाई बादली भरत होती. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "मोजलंत की पाणीपट्टी लावाल."

"लावतील," काका म्हणाले. "पण डॉक्टरही देतील. पोरगं तापलं की ट्रकमधून नेतेस ना खाली?"

तिने बादली खाली ठेवली. मग आत वळून ओरडली, "अहो, उठा! आपल्याला मोजायला आलेत!" आणि बाईंना म्हणाली, "तान्ह्याला मोजणीत धरायचं का?"

"तान्ह्याला आधी!"

चार घरांत अकरा झाले. शेवटच्या दोन घरांना कुलूप! तेवढ्यात खाली ट्रकचा हॉर्न वाजला. साठीला टेकलेले काका उतारावरून असे सुटले, की बाईंच्या हातातला तक्ता पडता पडता राहिला. ट्रक हललाच होता. काका चावी आडवी धरून रस्त्यात उभे राहिले.

"ओ काका, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला. "सगळ्यांचा खाडा होईल!"

"मरायला आधी डॉक्टर तर येऊ दे! शेवटच्या दोन घरांतले कोण? नावं सांगा आणि जा!"

मागे हशा पिकला. सहा हात वर झाले. बाईंनी ट्रकच्या फळीला टेकूनच सहा नावं लिहिली, बेरीज केली, पुन्हा केली.

"सतरा! काका, तीन हजार पाच!"

"पाच जादा?" काका गुडघे धरून हसत होते. "राहू देत. खाली न्यायची नाहीत परत."

साडेचारला अर्जावर शिक्का बसला.

मेच्या दोन तारखेला डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. सतराव्या दिवशी, घरापासून सात मिनिटांवर, काकांना नात झाली. सहा नळांची नोंद झाली. काकांच्या सेवापुस्तकात ठपका बसला आणि जादा पाण्याची रक्कम शेवटच्या पगारातून कापून घेतली गेली. पेन्शन सुरू झाली.

हेडक्लार्कचे पाच रुपये काकांकडून यायचे आहेत.